पायरीखालचा खडक

नसीम बेट, घर क्र. ४१
३ एप्रिल

मुनीरा,

तू माझा फोन उचलत नाहीस, म्हणून हे पत्र. मी कैरोच्या कॉलेजात असताना तू मला आठ-आठ पानं लिहायचीस. तेव्हा लिहिण्याची सवय नाही ही सबब चालणार नाही. तुझा भाचा सुहैल दर मंगळवारी नावेतून मासे घेऊन आमच्या मागच्या पायऱ्यांशी येतो. उत्तर त्याच्याकडे दे. बर्फाच्या खोक्यात ठेवू नकोस, शाई फुटते.

मला इथे येऊन दोन महिने होतील. निरोपाच्या जेवणात सगळ्या नातलगांसमोर तू तोंडातला घास खाली ठेवून म्हणालीस, "त्या वाळूला माझा पाय कधी लागणार नाही, बापाची शपथ." बायका रडायला लागल्या आणि माझ्या मच्छबूसचा भात गार झाला. मी अजून त्याबद्दल बोललेले नाही. आजही बोलत नाही, फक्त नोंदवते.

घर उत्तम आहे. मुलगा अदनान आणि सून दाना वरच्या मजल्यावर, मी खाली. मागचं दार उघडलं की आठ पायऱ्या आणि पाणी. प्रत्येक घराला पाणी लागूनच. दारात गाडी आणि परसात नाव. रस्ते सरळ, झाडं एका उंचीची, कचरा दिसत नाही. शेजारी एकमेकांच्या घरी आगाऊ कळवून जातात. तुला हे आवडणार नाही. मला आवडतं.

तुझी नणंद,
सबीका


मुहर्रक
८ एप्रिल

नणंदबाईंना सलाम,

तुझं पत्र हामूर माशाच्या पोटाला चिकटून आलं. पहिली ओळ गेली, पण ती रागाचीच असणार, तेव्हा फारसं नुकसान नाही.

शेजारी आगाऊ कळवून येतात म्हणे! अगं, आगाऊ कळवून येतो तो दाताचा डॉक्टर. आमच्या गल्लीत आजही उम्म खलफ सकाळी चुलीवर कॉफी चढण्याआधी येऊन बसते आणि माझ्याच घरात मला विचारते, "मुनीरा, खजूर कुठे ठेवलास?" दिवसभर दार उघडं. पाय ठेवायला जागा नसते माणसांनी.

आणि वाळूचं म्हणशील तर ऐक. तुला भूगोल येतो, पण तू तेव्हा शाळेत मुलींना रांगेत उभं करत होतीस. मी किनाऱ्यावर उभी होते. खडकाचा तो उथळ पट्टा माझ्या बापाचा. तिथे त्याचा हद्रा होता, त्याच्या बापाचाही. खजुरीच्या काठ्यांच्या दोन लांब भिंती, मधे निमुळती वाट, आणि टोकाला आतली कोठडी. भरतीला मासे आत यायचे, ओहोटीला भिंतीच्या कडेकडेने परत जायला बघायचे आणि बरोबर कोठडीत शिरायचे. मग एक दिवस ती जहाजं आली. समुद्राच्या तळाची वाळू नळाने ओढून खडकावर ओतायला लागली. रात्रंदिवस तो घर्रर्र आवाज. बाबा ओट्यावर बसून ऐकायचा. वर्षभराने वाळू पाण्याबाहेर आली, आणि बाबा आत जाऊन झोपला तो पुन्हा ओट्यावर बसला नाही.

तू पाठवलेलं ते गुळगुळीत माहितीपत्रक मी पाहिलं. वरून काढलेला बेटाचा फोटो. दोन लांब हात, मधे निमुळतं तोंड, आत गोल पाणी. सबीका, हा हद्राच आहे! बाबाने काठ्यांनी केला, यांनी सिमेंटने. त्याच्यात मासे अडकायचे, यांच्यात माणसं.

तू कुठल्या कोपऱ्यात अडकलीस ते कळव.

मुनीरा


नसीम बेट
२२ एप्रिल

मुनीरा,

मी सगळ्यात आतल्या कोपऱ्यात राहते. अडकलेली नाही.

इथे रहिवाशांची एक कमिटी आहे. अध्यक्ष अबू तलाल. निवृत्त विमा अधिकारी, सभ्य माणूस, पण सूचना काढण्याचा रोग आहे. कठड्यावर कपडे वाळत घालू नयेत. पाण्यात काही टाकू नये. दारांचा रंग तीन छटांपैकी असावा. मी या सूचनांचं स्वागतच केलं, शिस्त असावी. मग मागच्या आठवड्यात माझ्याच दाराला एक सूचना चिकटली. "घर क्र. ४१ मधून तीव्र वास येत असल्याची तक्रार आहे. कृपया नळ तपासावेत." नळ! मी मागच्या दाराशी महयावाची बरणी उन्हात ठेवली होती. आपल्या आज्या जी माशांची चटणी भाकरीला लावून शंभर वर्षं जगल्या, तिला हा माणूस तुंबलेला नळ समजला. मी त्याला बोलावून गरम भाकरीवर महयावा आणि अंडं वाढलं. दोन भाकऱ्या खाल्ल्या. सूचना काढून नेली. तक्रार करणाऱ्याचं नाव सांगितलं नाही. मला माहीत आहे, चाळीस नंबर.

दुसरी कटकट. आमच्या शेवटच्या पायरीखाली एक काळा खडक आहे. ओहोटीला उघडा पडतो, शिंपल्यांनी भरलेला, ओबडधोबड. बाकी सगळ्यांच्या पायऱ्या स्वच्छ पाण्यात उतरतात. कमिटी म्हणते तो विद्रूप दिसतो, उन्हाळ्याअखेर त्यावर पांढरी वाळू टाकू. मी हरकत घेतलेली नाही. लुलवा मात्र रुसली आहे. तिचं रबरी बदक ती त्या खडकाच्या भोकाला दोरीने बांधते. नात सात वर्षांची झाली, पण बदक सुटत नाही.

तिच्यासाठीच एक काम आहे. बकरी-ईद जवळ येते. शाळेने मुलांना परड्यांत धान्य पेरायला सांगितलं आहे, ईदच्या आदल्या दिवशी, अरफाच्या संध्याकाळी पाण्यात सोडायला. कमिटीने प्लॅस्टिकच्या परड्या मागवल्या. गुलाबी. त्यावर घराचे नंबर छापलेले. माझी नात गुलाबी प्लॅस्टिक समुद्राला देणार नाही. खजुरीच्या पात्यांची परडी आता फक्त तूच विणतेस. एक पाठव.

सबीका


मुहर्रक
६ मे

नणंदबाई,

एक नाही, तीस पाठवल्या आहेत. सुहैलची नाव बघ, मासे कमी आणि परड्या जास्त. इतर घरांच्या पोरांनाही दे, आणि चाळीस नंबरच्या पोराला सगळ्यात मोठी दे, म्हणजे त्याच्या आईला रात्री झोप येणार नाही.

तळाशी काथ्या, वर माती, जव रात्रभर भिजवून पेर. पाणी लुलवाने घालायचं, तू नाही. तू घालशील तर ते रोप सावधान उभं राहील.

आता खरं बोल. सुहैल तुझ्याबद्दल म्हणाला, "आत्या, उम्म अदनान चार पायांची लोखंडी घोडी घेऊन चालतात. परवा पैसे द्यायला पायऱ्या उतरल्याच नाहीत, वरून टोपली सोडली." मी म्हटलं, गप्प बस, ती बाई पन्नाशीत शाळेच्या कुंपणावरून उडी मारून पळालेल्या मुली पकडायची. तर म्हणाला, "आत्या, मी माशांचा धंदा करतो, माणसाचं लंगडणं मला कळतं."

काय झालंय गुडघ्याला?

मुनीरा


नसीम बेट
१३ मे

मुनीरा,

गुडघ्याला काही झालेलं नाही. म्हातारा झाला आहे. ईदनंतर पाचव्या दिवशी तो काढून दुसरा बसवणार आहेत. हे काम आता रोज होतं, लोक केस कापून यावं तसे येतात. अदनानने सगळं ठरवलं आहे. दानाने इस्पितळाची पिशवी महिनाभर आधी भरून ठेवली. ती दारामागे आहे आणि मी रात्री पाणी प्यायला उठले की मला ती दिसते. एवढंच.

सुहैलबद्दल बोलायचं तर त्याचं तोंड दोन्ही बाजूंना उघडतं. त्याने मलाही बातम्या दिल्या आहेत. उम्म खलफ गेल्या वर्षीच मुलीकडे रिफाला गेली. गल्लीत आता पाच घरांना कुलपं आहेत आणि बाकीच्यांत कामगार राहतात, ते पहाटे जातात आणि रात्री येतात. तू दोघा-तिघांची कॉफी करतेस आणि सगळी एकटी पितेस, म्हणून तुझी छाती धडधडते. "पाय ठेवायला जागा नसते" असं लिहिणाऱ्या बाईने निदान आपल्या भाच्याला आधी पढवून ठेवावं. शाळेत एका बाकावर असताना माझ्या वहीतून उत्तरं उतरवायची तुझी पद्धतही अशीच गबाळी होती.

ईदच्या दिवशी इथे ये. नवा गुडघा येण्याआधी ये. ही विनंती नाही, सूचना आहे.

लुलवाचे जव बोटभर उगवले आहेत. ती रोज सकाळी त्यांना आपलं स्वप्न सांगते.

सबीका


मुहर्रक
२० मे

सबीका,

येणार नाही. बापाची शपथ घेतली आहे. तू माझ्या जागी असतीस तर तू तरी मोडली असतीस का? तू तर दुसरीच्या मुलीला "उद्या उभी करीन" म्हणालीस तरी दुसऱ्या दिवशी आठवणीने उभी करायचीस.

तू तिथे नुसती राहायला गेली असतीस तर मी चार दिवस भांडून आले असते. पण तू बाबाच्या कोठडीवर घर घेतलंस. बरोबर त्याच जागी. आणि हे मला त्या माहितीपत्रकातल्या नकाशात तुझं घर शोधून कळलं, तुझ्या तोंडून नाही.

उम्म खलफचं खरं आहे. तिने जाताना खजुराचा डबा मला दिला. मी अजून तो जागेवरून हलवला नाही, उगाच ती येऊन विचारील म्हणून.

गुडघ्याची भीती वाटते का? होय किंवा नाही, एवढंच लिही. तू विद्यार्थिनींना तसंच विचारायचीस.

आणि एक सांग. त्या तुझ्या विद्रूप खडकाला भोक आहे म्हणालीस. ते आरपार आहे का? आणि वरच्या कडेला दोरीने घासून पडलेली खाच आहे का?

मुनीरा


नसीम बेट
२७ मे

मुनीरा,

दोन प्रश्नांची उत्तरं.

एक. होय.

दोन. मी पायऱ्या उतरू शकत नाही, म्हणून लुलवाला पाठवलं. ती पोटावर झोपली आणि भोकात हात घातला. दुसऱ्या बाजूने बोटं बाहेर आली आणि खेकड्याने करंगळी धरली. वर कडेला खाच आहे. माझा अंगठा मावेल एवढी, तिने कागदावर काढून दाखवली. कागद सोबत पाठवते.

घर घेताना जागा मला माहीत नव्हती. माहीत झाल्यावर तुला सांगायला हवी होती. मी सांगितली नाही, कारण तू माझा फोन उचलत नव्हतीस. हे कारण अपुरं आहे, हे मला कळतं.

सबीका


नसीम बेट
ईद, सकाळची नमाज होऊन गेली आहे

मुनीरा,

ईद मुबारक. सुहैल आज सणाचे मासे द्यायला येतोय. हे पत्र त्याच्यासोबत ताबडतोब पाठवते, कारण घरात आकांत आहे.

काल संध्याकाळी सगळी मुलं पाण्याच्या कडेला जमली. अबू तलालने "पाण्यात काही टाकू नये" ही सूचना एका रात्रीपुरती मागे घेतली, त्यासाठी वेगळी सूचना काढली. मुलांनी नवे कपडे घातले होते, गाणं म्हटलं, परड्या सोडल्या. इतकं छान दिसत होतं की चाळीस नंबरची बाईसुद्धा डोळे पुसत होती. मी वर खुर्चीत बसून पाहिलं.

आज सकाळी मागचं दार उघडलं तर सगळ्या परड्या आमच्या पायऱ्यांशी. एकही बाहेर गेली नाही. मेंढरं गोठ्याशी यावीत तशा एकमेकींना ढुसण्या देत उभ्या आहेत. पोरं आपापल्या परड्या ओळखून रडताहेत. लुलवा रडत नाही, ते जास्त वाईट. तिने मला विचारलं, "आजी, समुद्राला माझी नको होती का?"

मी तेहेतीस वर्षं भूगोल शिकवला. चंद्राच्या नवव्या दिवशी भांगाची भरती असते, पाण्याला ओढ नसते, हे फळ्यावर किती वेळा लिहिलं असेन. ते विसरून मी भांगाच्या पाण्यात, बंद तोंडाच्या हद्र्यात परड्या सोडायला तीस मुलं उभी केली. तू हसशील. हस. पण मुलीला काय सांगू ते आधी कळव.

सबीका


मुहर्रक
ईद, दुपार

सबीका,

हसले. सुहैल साक्षी आहे.

हद्र्यात शिरलेलं आतल्या कोठडीतच येतं. पाण्याला वाटा सांगाव्या लागत नाहीत. त्या बाबाच्या कोठडीत तू घर घेतलंस, आता तुझ्याकडे परड्याच येणार.

लुलवाला सांग, समुद्राने ओळख पटवायला परत पाठवल्या आहेत. कुणाच्या आहेत ते विचारायला म्हातारी येते आहे.

नाव लाकडी आहे, वाळूची नाही. बदक सोडून घे, भोक मोकळं ठेव, बाबा आपली नाव तिथेच बांधायचा. कॉफी कडक कर. खुर्चीतून उठू नकोस.

मुनीरा


नसीम बेट
२९ जून

मुनीरा,

नवा गुडघा वाकतो. जुन्यापेक्षा आज्ञाधारक आहे. इस्पितळातून आल्यावर हे पहिलं पत्र. आता तू फोन उचलतेस हे मला माहीत आहे; पण काही गोष्टी फोनवर सांगितल्या की तू मधेच बोलतेस.

त्या दिवशीचं मला लिहून ठेवायचं आहे, कारण चाळीस नंबरची बाई ते चुकीचं सांगत फिरते. म्हणते, मी पाय घसरून पडले. मी पडले नाही. सुहैलने त्या भोकात दोरी ओवली, ती खाचेत बसली, आणि तू एक हात खडकावर ठेवून म्हणालीस, "बाबा, मी आले." ते ऐकल्यावर खुर्चीत बसून राहणं शक्य नव्हतं. घोडी वापरून पायऱ्या उतरता येत नाहीत. म्हणून मी बसले आणि एकेक पायरी बसूनच उतरले. आठही. ज्या बाईने शाळेत मुलींना कठड्यावरून घसरू दिलं नाही, तिच्याकडे पंचवीस-तीस पोरं तोंड वासून बघत होती. तू नावेतून ओरडत होतीस, "हळू गं! नवा मिळेपर्यंत जुना तरी टिकव!"

मग सुहैल, दाना, लुलवा, पोरं आणि परड्या अशा तीन खेपा झाल्या, निमुळत्या तोंडाच्या बाहेर, खऱ्या पाण्यात. लुलवा म्हणते, तिची परडी मागे वळूनसुद्धा न बघता गेली. ती अजून प्रत्येकाला हे सांगते.

आणि तेवढा सगळा वेळ तू अबाया गुडघ्यापर्यंत खोचून त्या खडकावर, पाण्यात उभी. मी शेवटच्या पायरीवर. आपल्यामध्ये कॉफीचा थर्मास. परत आल्यावर सुहैलने प्लॅस्टिकची खुर्ची खडकावर ठेवली, तेव्हा तू तिच्यात अशी बसलीस, जणू तुझ्याच ओट्यावर आहेस. तेव्हा अबू तलाल आला, बिचारा, वही घेऊन. "उम्म अदनान, पाहुण्यांची नोंद झालेली दिसत नाही." तू कपातून तोंड वर काढलंस आणि म्हणालीस, "कसली नोंद? मी तुमच्या बेटावर आलेच नाही. मी माझ्या बापाच्या घरी बसले आहे. तुम्हीच माझ्या दाराशी उभे आहात. या, कॉफी घ्या." तो बूट काढून, पाण्यात पाय सोडून बसला. मी त्या माणसाला कधी बूट काढलेलं पाहिलं नव्हतं.

मला भीती वाटते का, हे तू त्या दिवशी पुन्हा विचारलं नाहीस. फक्त माझा सुजलेला पाय ओढून पाण्यात घेतलास आणि बोलत राहिलीस. इस्पितळात भूल देताना नर्सने आकडे मोजायला सांगितले. मी मोजले नाहीत. पाण्याचा गारवा आठवला, तोच पुरला.

आता कामाचं. काल कमिटीचं पत्र आलं. उन्हाळा संपल्यावर खडकावर पांढरी वाळू टाकणार, घर क्र. ४१ ची हरकत असल्यास कळवावं. मी लेखी हरकत घेतली आहे. खाली कारणासाठी एक ओळ सोडलेली होती. मी लिहिलं: 'ही आमच्या वहिनीची बसायची जागा आहे.'

मंगळवारी सुहैलबरोबर ये. खुर्ची मी काढून ठेवलेली नाही.

सबीका